लष्करातलं गाणं राहणार कुठे?

सकाळी साडेसहाला आमच्या गल्लीत खर्ज लागतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली ही एक जुनी गोठ, म्हणजे वस्ती. दुमजली वाडा, खाली दोन दुकानं आणि एक गोदाम, वर लाकडी जिन्याची माडी. माडीवर सतरंजी, भिंतीशी दोन तानपुरे, एक पेटी, तबल्याची जोडी. सात-आठ मुलं येतात, त्यातली मराठी घरांतली दोनच. गुरुजींनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. आल्या आल्या तानपुरा जुळवण्यात दहा-बारा मिनिटं जातात. घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो, तो ते नखाने केसभर पुढेमागे सरकवतात, आणि एका क्षणी तार अशी उघडते की सगळी माडी गुंजायला लागते. मग अर्धा तास फक्त खालचा षड्ज. पावणेआठला खाली माल उतरवायला टेम्पो लागतो, हॉर्न आणि हमालांच्या हाका सुरू होतात, आणि त्या दिवशीची तालीम तिथेच थांबते.

गेल्या उन्हाळ्यात वाड्याच्या मालकांनी इसार घेतला. मालकही मराठीच, दोन पिढ्यांपासून पुण्याला स्थिरावलेले. त्यांना दोष द्यावा असं त्यात काही नाही. पाच वारसदार, गळतं छप्पर, जुन्या दराचं भाडं, आणि दुरुस्तीचा खर्च त्या भाड्याच्या कित्येक पट. दिवाळीनंतर वाडा पडेल आणि तिथे दुकानांची चार मजली इमारत उभी राहील.

याच शहराला 31 ऑक्टोबर 2023 रोजी युनेस्कोने सर्जनशील शहरांच्या यादीत संगीताचं शहर म्हणून स्थान दिलं. कोळिकोडला त्याच दिवशी साहित्याचं शहर म्हणून मान मिळाला. संगीतासाठी आपल्या देशातून आधी वाराणसी 2015 मध्ये आणि चेन्नई 2017 मध्ये या यादीत गेली होती, ग्वाल्हेर तिसरं. त्या संध्याकाळी आम्ही माडीवर पेढे वाटले. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. तो सन्मान पोकळ आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण वाड्याचा इसार आणि शहराचा सन्मान या दोन गोष्टी एकाच शहरात, दोन-तीन वर्षांच्या आत घडल्या, आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून कोणी पाहत नाही, याची मला काळजी वाटते.

मोठे कलावंत संपतील ही भीती मला नाही. मोठे कलावंत कुठेही निर्माण होतात आणि कुठेही जातात. भीती आहे ती घर आणि रंगमंच यांच्यामधल्या पायरीची. शिकणाऱ्याने पहिल्यांदा वीस-पंचवीस माणसांसमोर बसावं, चुकावं, कोणीतरी वडीलधाऱ्याने ती चूक ओळखावी आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बसवावं, अशी जी जागा असते, ती लष्करात एकेक करून नाहीशी होते आहे. ती नाहीशी होण्याची नोंद कुठल्याही कार्यालयात होत नाही, कारण ती जागा मुळात कुठल्या नोंदवहीत नव्हतीच.

लष्कर वसलं कसं हे आठवलं तर ही जागा कशी तयार झाली ते कळतं. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी उज्जैन सोडून ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तळ उठलाच नाही, त्याचं शहर झालं, आणि शहराचं नावही लष्करच राहिलं. आजही रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण त्या तळाचीच भाषा बोलतो: चिटणीस की गोठ, जिन्सी, कंपू, शिंदे की छावनी, खासगी बाजार, फालका बाजार, पाटणकर बाजार. वाड्याचा बाडा झाला, षष्ठीच्या जागी हिंदीचा ‘की’ आला, पण शब्दांच्या आत मराठी फौजेची मांडणी तशीच आहे. सरदाराचा वाडा, त्याभोवती त्याची माणसं, कारकून, पुजारी, कीर्तनकार, आणि त्यांना लागून गवयांची घरं. गाणं दरबारात होई हे खरं, पण दरबारात गाणारा माणूस राहायचा गल्लीत. त्याचा रियाज ऐकत शेजारची पोरं मोठी व्हायची.

हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांच्यापासून ख्यालाची जी परंपरा इथे रुजली, तिला महाराष्ट्रात नेणारी माणसं अशाच घरांतून शिकून गेली. वासुदेवबुवा जोशी त्या खाँसाहेबांच्या तालमीतले, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले, बुवांकडून मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले, आणि 1901 मध्ये पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. सावंतवाडीकडचे रामकृष्णबुवा वझे इथे निसार हुसेन खाँकडे शिकले. आणि हे निसार हुसेन खाँ राहत होते कुठे, तर पंडितांच्या घरी. मुसलमान उस्ताद एका कीर्तनकार ब्राह्मण कुटुंबाच्या घरात राहतो, त्या घरातल्या मुलाला, शंकररावांना, आपली विद्या देतो, आणि शंकररावांचा मुलगा कृष्णराव पुढे त्या गायकीचा दीर्घायुषी वाहक होतो. ही गोष्ट ग्वाल्हेरमध्ये सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि ती सांगताना आपण नेहमी सलोख्याबद्दल बोलतो. सलोखा होताच. पण त्याबरोबर एक साधी गोष्ट होती: त्या घरात उस्तादाला राहायला खोली होती, आणि त्या खोलीतून पहाटे आवाज आला तर शेजारी तक्रार करायला येत नव्हता.

कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 मध्ये शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं. भातखंड्यांच्या योजनेतून आणि माधवराव शिंद्यांच्या पाठबळाने 1918 मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं, आणि राजाभैया पूछवाल्यांसारखा गवई तिथे घडवणारा गुरू झाला. 2008 मध्ये राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचं संगीत व कला विद्यापीठही आलं. म्हणजे शिकवण्याची सोय वाढतच गेली आहे. त्याबद्दल कोणी तक्रार करू नये. तरीही शाळेत शिकलेलं गाणं पिकायला गल्लीच लागत होती. ग्वाल्हेर गायकीचा स्वभावच तसा आहे. खुला आवाज, बंदिशीची ठसठशीत मांडणी, आणि भर यमन, भैरव, बिलावल, गौडसारंग अशा ओळखीच्या रागांवर. अनवट राग गाऊन श्रोत्याला चकित करणं हा तिचा बाणा नव्हता. मला नेहमी वाटत आलं आहे की ही निवड श्रोत्यांकडे पाहून झाली. राग सगळ्यांना माहीत असला की चूक सगळ्यांना कळते. समोर बसलेला सराफ, मास्तर, हेडक्लार्क, सगळे परीक्षक होतात.

हे परीक्षक कुठून आले, याकडे आपण पुरेसं लक्ष दिलेलं नाही. 1948 मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं, 1956 मध्ये मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. राजाश्रय संपला. त्यानंतर गाणं टिकलं ते पगारदार माणसांमुळे. एजी ऑफिस, हायकोर्टाचं खंडपीठ, भूमी अभिलेख, रेल्वे, बँका, शाळा. संध्याकाळी साडेपाचला सुटणारा, सायकलने पंधरा मिनिटांत घरी पोचणारा आणि सात वाजता बैठकीला येऊन बसणारा माणूस हा लष्करचा दुसरा राजा होता. त्याच्याकडे पैसा नव्हता. वेळ होता, कान होता, आणि सतरंजी टाकायला माडी होती. 1961 मध्ये इथे मराठी साहित्य संमेलन भरलं, कुसुमावती देशपांडे अध्यक्ष झाल्या, संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. त्या संमेलनाला गर्दी करणारा वर्ग आणि महिन्याच्या बैठकीला येणारा वर्ग एकच होता. भा. रा. तांबे इथेच राहिले, 1941 मध्ये इथेच गेले. कविता आणि गाणं ही त्या गल्ल्यांत वेगळी खाती नव्हती.

त्या वर्गाची मुलं इंजिनियर झाली आणि पुण्याला, बंगळूरुला गेली. माझ्या वर्गातल्या मराठी मुलांपैकी ग्वाल्हेरात आता कितीजण राहिले ते मी बोटांवर मोजू शकतो. हे स्थलांतर थांबवता येणार नाही, थांबवूही नये. पण त्याचा परिणाम आपण नीट पाहिला नाही. माणूस गेला की फक्त एक घर रिकामं होतं असं नाही. त्या घरातली ऐकणाऱ्यांची एक जागा रिकामी होते आणि ते घर विकायला निघतं, दोन्ही एकदम. गायकाला ऐकणारा मिळत नाही आणि बसायला माडी मिळत नाही, हे एकाच कारणाचे दोन परिणाम आहेत. म्हणून एकाला उपाय केला आणि दुसरा तसाच सोडला, तर काही साधणार नाही.

जुन्या वाड्याचा हिशोब सरळ आहे. महाराज बाड्याच्या चौकाच्या आसपास दुकानाच्या फुटाला जो भाव मिळतो, त्यापुढे गाण्याच्या माडीचं भाडं काहीच नाही. जाड भिंती, उंच छत, लाकडी तुळया, म्हणजे जे जे आवाजासाठी चांगलं, ते सगळं बिल्डरच्या हिशोबात वाया गेलेली जागा ठरतं. नव्या इमारतीत साडेनऊ फुटांवर स्लॅब येतो, भिंती चार इंची विटेच्या, आणि मधल्या मजल्यावर तानपुरा लागला की वरचा आणि खालचा दोघेही बेल वाजवतात. आमच्या गुरुजींच्या एका शिष्येला तिच्या सोसायटीने सकाळचा रियाज बंद करायला सांगितलं. तोंडी सांगितलं, शांतपणे सांगितलं. त्याच सोसायटीच्या समोरच्या मॅरेज गार्डनमधला डीजे रात्री बारापर्यंत चालतो.

कायद्यातही रियाजासाठी जागा नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना बंदी केली, आणि राज्यांना वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सवलत द्यायची मुभा ठेवली. नियम योग्यच आहेत. पण या नियमांच्या चौकटीत गाणं हे आवाज करणाऱ्यांच्या बाजूलाच मोजलं जातं. आवाजापासून ज्याला सांभाळायचं आहे अशा गोष्टींत दवाखाना आहे, शाळा आहे, न्यायालय आहे. बिनमाइकची तालीम त्यात नाही. इटलीतल्या क्रेमोना या व्हायोलिनच्या गावाने 2019 च्या जानेवारी-फेब्रुवारीत वेगळं काही करून दाखवलं. जुन्या स्ट्रॅडिव्हेरियस वाद्यांचे स्वर मुद्रित करायचे होते, म्हणून सुमारे पाच आठवडे संग्रहालयाभोवतीच्या रस्त्यांवरची वाहतूक थांबवली आणि लोकांना शांतता पाळायला सांगितलं. लोकांनी पाळली. गावाने आधी मान्य केलं की या शहरात एक आवाज असा आहे, ज्याच्यासाठी बाकीच्या आवाजांनी थोडं थांबावं. आम्हाला पाच आठवडे नकोत. सकाळचा दीड तास चार गल्ल्यांत मालाचे टेम्पो आणले नाहीत तरी पुष्कळ आहे.

ज्या सरकारी उत्सवांचं कौतुक होतं त्यांच्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. तानसेन समारोह 1924 पासूनचा, डिसेंबर 2024 मध्ये त्याचं शंभरावं वर्ष साजरं झालं. हजीऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी सकाळी ढोलीबुवा महाराजांची हरिकथा होते, मिलाद होतो, चादर चढते, आणि मग देशातले थोर कलावंत गातात. त्या परंपरेपुढे मी नतमस्तक आहे. लहानपणी थंडीत शाल गुंडाळून वडिलांच्या मांडीवर मी तिथे जे ऐकलं, त्यावर माझा कान घडला. पण गेल्या काही वर्षांत या समारोहाभोवती आकड्यांची हौस वाढली आहे. 25 डिसेंबर 2023 ला किल्ल्यावर 1,282 तबलावादकांनी एकत्र वाजवून गिनीज विक्रम केला. 2024 च्या समारोहात 546 कलावंतांनी एकत्र वादन करून दुसरा विक्रम केला. त्या मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला, त्यांच्या मेहनतीला कमी लेखणार नाही. मात्र ग्वाल्हेरची सगळी शिकवण एका माणसाला वेगळं ऐकण्याची आहे. बाराशे ब्याऐंशी तबल्यांत एखाद्याची मात्रा निसटली तर ती कोणालाच ऐकू येत नाही. वीस माणसांच्या माडीवर ती सगळ्यांना ऐकू येते, आणि त्या मुलाच्या पुढच्या दहा वर्षांचं काम तिथून सुरू होतं. शहराने पहिल्या प्रकाराला जेवढं बळ दिलं, त्याचा शंभरावा हिस्सा दुसऱ्याला दिला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

सर्जनशील शहरांच्या यादीत बसलेल्या शहरांनी दर चार वर्षांनी आपल्या कामाचा अहवाल द्यायचा असतो. ग्वाल्हेरचा अहवाल त्या हिशोबाने 2027 मध्ये जायला हवा. त्यात काय मोजलं जाईल याचा अंदाज आजच करता येतो: किती महोत्सव झाले, किती पाहुणे आले, किती भिंती रंगवल्या, किती चौकांत वीणा आणि सतारीच्या मूर्ती बसल्या. 2020 च्या डिसेंबरात युनेस्कोच्या ऐतिहासिक नगर-परिसराच्या योजनेसाठी ग्वाल्हेर आणि ओरछा ही शहरं निवडली गेली, तेव्हा त्या योजनेच्या मांडणीतच असं म्हटलं होतं की वारसा म्हणजे केवळ इमारती नव्हेत, तिथल्या लोकांच्या चालत्या रीतीही त्यात येतात. कागदावर शहाणपण आहे. महाराज बाड्यावर प्रत्यक्षात दिसतं ते दर्शनी भागाचं काम. 2010 च्या आगीत जळालेलं व्हिक्टोरिया मार्केट पुन्हा उभं राहिलं आणि तिथे भूविज्ञानाचं संग्रहालय झालं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण बाड्यापासून पाच मिनिटांवरच्या गोठीत कोण शिकवतं आणि ती जागा कुणाच्या नावावर आहे, ही यादी कोणी केलेली नाही. मी चार ठिकाणी विचारून पाहिलं. प्रत्येकाने मला दुसऱ्याकडे पाठवलं.

यादी नाही म्हणून उद्या काय होईल, तेही सांगतो. एखादा मोठा वाडा हेरिटेज हॉटेल होईल. अंगणात संध्याकाळी सतार वाजेल, जेवणाऱ्या पाहुण्यांसाठी, पाऊण तास. पुस्तिकेत लिहिलेलं असेल की हा संगीताचा मोहल्ला आहे. पणजीच्या फोंतेंन्यासमध्ये हे आधी घडलं आहे. तिथली रंगीत घरं इतकी प्रसिद्ध झाली की लोक दारात, खिडकीत, पायरीवर उभे राहून फोटो काढू लागले, आणि शेवटी रहिवाशांना फोटो काढू नका अशा पाट्या लावाव्या लागल्या. ज्यांच्या राहण्यामुळे ती वस्ती सुंदर झाली, त्यांनाच तिथे राहणं जड झालं. लष्करात अजून ती वेळ आलेली नाही, आणि म्हणूनच आत्ता बोलण्याला अर्थ आहे. जिवाजीगंजमधलं हाफिज अली खाँच्या कुटुंबाचं घर आज ‘सरोद घर’ म्हणून जपलं गेलं आहे. ते उस्ताद अमजद अली खाँ यांच्यासारखा वारस मिळाला म्हणून. बहुतेक घरांना असा वारस नाही. आणि खरं तर घर संग्रहालय होण्यापूर्वीची त्याची जी अवस्था असते, शिष्यांची ये-जा, चहाचे कप, जुळलेल्या तारा, तीच वाचवायची आहे.

आता आमच्या मराठी समाजाबद्दल. सरकारवर बोट ठेवणं सोपं आहे, म्हणून हा भाग टाळून चालणार नाही. लष्करात आपल्या लोकांनी बांधलेली देवळं आहेत, त्यांना सभामंडप आहेत, न्यास आहेत. दत्तजयंतीला, रामनवमीला, गणपतीच्या दिवसांत या मंडपांत गाणं होई, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नसे. आज त्यांपैकी कित्येक मंडप साखरपुडे आणि वाढदिवसांना भाड्याने जातात. देवळाचा दिवाबत्तीचा खर्च निघायला हवा हे मला मान्य आहे. पण ज्या मंडपात गवयाला बसवण्यासाठी पाचशे रुपये मागायची लाज वाटते, तिथे डीजेवाल्याला दहा हजारात जागा देताना कोणी प्रश्न विचारत नाही. गणपतीत मुलांसाठी ऑर्केस्ट्रा हवा असा आग्रह आम्हीच धरला. पुण्याला गेलेली आपली मुलं डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला तासन्‌तास बसतात आणि आजोळच्या माडीबद्दल हळवं बोलतात. त्या हळवेपणातून वर्षाला एक बैठक जरी इथे झाली असती तरी वाडे विकताना निदान विचारणा झाली असती.

आणखी एक धोका आहे, आणि तो मला सर्वांत जास्त छळतो. आपल्यातले काहीजण आता म्हणू लागले आहेत की हे गाणं आपलं आहे, मराठी लोकांनीच ते जपलं, म्हणून ते मराठी वारसा म्हणून मांडावं. यात अर्धं सत्य आहे, आणि ते फार नुकसान करणारं आहे. ही विद्या आपल्याला खाँसाहेबांच्या घराण्यांतून मिळाली. निसार हुसेन खाँना वगळून शंकरराव पंडित सांगता येत नाहीत. आमच्या माडीवर येणाऱ्या आठ मुलांत एक मुलगी घोसीपुऱ्याकडून येते, एक मुलगा भिंडहून येऊन इथे खोली करून राहतो. त्यांना आपण पाहुण्यासारखं वागवलं तर ती मुलं इथून उठतील, आणि तेव्हा आपल्याजवळ गाणं उरणार नाही, फक्त मालकीहक्काचा कागद उरेल.

मुलं मोबाइलवर शिकतातच, मग माडी कशाला, असं मला तरुण मित्र विचारतात. हा प्रश्न मनापासूनचा असतो, आणि त्याला उत्तर द्यायला हवं. बंदिशीची चाल मोबाइलवर शिकता येते. रेकॉर्डिंग शंभर वेळा ऐकता येतं, जे आम्हाला कधी मिळालं नाही. पण समोरच्या माणसाने श्वास कुठे घेतला, समेच्या आधी त्याचा हात कसा उचलला, गुरूने मान न हलवता नुसती नजर का उचलली, हे कळायला एकाच खोलीत बसावं लागतं. दोन तानपुऱ्यांच्या मधोमध बसलं की आपला सा किंचित उतरला आहे हे कान सांगायच्या आधी छातीला कळतं. इअरफोनमधला तानपुरा तेवढं सांगत नाही. हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे, आणि तो खोटा ठरला तर मला आनंदच होईल.

काय करता येईल, हेही बोललं पाहिजे. सर्वांत आधी घरोघरी जाऊन यादी व्हावी. कुठे शिकवलं जातं, कुठे बैठक होते, मालक कोण, भाडेकरू कोण, छताची अवस्था काय. महानगरपालिकेच्या दोन कारकुनांना आणि विद्यापीठाच्या वीस विद्यार्थ्यांना दोन महिन्यांत हे जमेल. ज्या घरात आठवड्यातून ठरावीक दिवस तालीम चालते त्या घराच्या मालमत्ता करात सूट द्यावी, आणि ती सूट मालकाला मिळावी, म्हणजे माडी ठेवण्यात त्याचाही थोडा फायदा राहील. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 2014 मध्ये आणि इंग्लंडने 2018 मध्ये नगररचनेत एक तत्त्व आणलं: जो नंतर येतो, आवाज अडवण्याची सोय त्याने करायची. जुन्या गाण्याच्या जागेशेजारी नवी इमारत आली तर भिंत आणि काच जाड करण्याचा खर्च इमारत बांधणाऱ्याचा. आपल्याकडे तशी एक ओळ परवानगीच्या अटींत टाकायला मोठा कायदा लागत नाही. आणि विक्रमांच्या तयारीला जो पैसा जातो, त्यातून दर महिन्याला दहा छोट्या बैठका होऊ शकतात. गायकाला दोन हजार, साथीदारांना हजार-हजार, चहा, बस. या रकमा ज्यांनी ठरवायच्या त्यांना त्या इतक्या लहान वाटतात की त्यासाठी फाइल सुद्धा उघडली जात नाही.

यातलं काही दिवाळीच्या आत होणार नाही, हे मला कळतं. गुरुजींचा मुलगा शहराबाहेर, थाटीपूरच्याही पलीकडे राहतो. तिथे त्यांना एक खोली मिळेल. लिफ्ट लहान आहे, तानपुरे जिन्याने न्यावे लागतील. आठपैकी किती मुलं इतक्या लांब पहाटे साडेसहाला पोचतील हे गुरुजी विचारत नाहीत, आम्हीही बोलत नाही. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही जवळच्याच एका देवस्थानाला अर्ज दिला आहे. सभामंडप सकाळी आठपर्यंत रिकामाच असतो, दीड तास तालमीला द्यावा, माइक लावणार नाही, विजेचं बिल आम्ही भरू, झाडलोट आम्ही करू. अर्जावर अकरा सह्या आहेत, त्यात घोसीपुऱ्याच्या त्या मुलीच्या आईचीही आहे. विश्वस्तांची बैठक दोनदा पुढे गेली. सचिव भेटले की आपुलकीने बोलतात, गुरुजींच्या तब्येतीची चौकशी करतात, आणि मंडपाच्या बुकिंगची वही बघून सांगतो म्हणतात.

गुरुजींनी दरम्यान तानपुऱ्यांच्या जुन्या गवसण्या उसवून नव्या शिवायला टाकल्या आहेत, आत कापसाचा जाड थर घालून.